बायबल कोणतं घ्यावं, कसं वाचावं: वाचकांचे प्रश्न

बायबलची भाषांतरं आणि बायबलवाचन यांविषयी बरेच प्रश्न साठले होते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

दोन भाषांतरं शेजारी ठेवली की काही वचनं ओळखू येणार नाहीत इतकी वेगळी निघतात. मूळ हिब्रू-ग्रीक न येणाऱ्याने खरं कोणतं हे कसं ठरवायचं?

आमोस ४:६ घ्या. इस्राएलवर आलेल्या संकटांची यादी तिथे सुरू होते. हिब्रूतले शब्द जसेच्या तसे मांडले तर देव म्हणतो, 'मी तुमच्या सर्व नगरांत तुम्हांला दातांची स्वच्छता दिली.' नव्या वाचकाला हा आशीर्वादच वाटेल. अर्थ नेमका उलटा आहे: खायलाच काही नव्हतं, म्हणून दात स्वच्छ राहिले. एक भाषांतरकार 'दातांची स्वच्छता' तशीच ठेवतो, दुसरा सरळ 'तुमची उपासमार केली' असं लिहितो. दोघांपैकी कोणी फसवलेलं नाही. पहिल्याने आमोसाचा बोचरा उपरोध राखला आणि वाचकाला अडखळू दिलं. दुसऱ्याने अर्थ हातात ठेवला, पण उपरोध गेला. पुढच्याच ओळीत भाकरीची वाण येते, तेव्हा लक्ष देऊन वाचणाऱ्याला पहिल्या भाषांतरातही अर्थ लागतो.

बहुतेक भाषांतरं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. इंग्रजीत १६११ चं किंग जेम्स आणि २००१ चं इंग्लिश स्टँडर्ड शब्दाला धरून चालतात, गुड न्यूज आणि न्यू लिव्हिंग अर्थाच्या बाजूला झुकतात, न्यू इंटरनॅशनल मधलं. त्याही पलीकडे पुनर्कथनं असतात. ती वाचायला मजा येते, पण त्यांच्या शब्दांवर सिद्धान्त उभारू नये.

अर्थ सोपा करून देणाऱ्या भाषांतराचा एक धोका मात्र लक्षात येत नाही. मूळ वाक्याचे दोन अर्थ निघत असले, तर भाषांतरकाराने त्यातला एक तुमच्या वतीने आधीच निवडलेला असतो. २ करिंथ ५:१४ मध्ये 'ख्रिस्ताची प्रीती' येते. ख्रिस्ताने आपल्यावर केलेली की आपण ख्रिस्तावर केलेली? ग्रीकमध्ये दोन्ही शक्य आहे आणि आपल्या षष्ठीतही दोन्ही मावतं. 'ख्रिस्त आमच्यावर प्रेम करतो म्हणून' असं लिहिलं की दुसरं दार बंद. बहुतेक भाष्यकार पहिलाच अर्थ घेतात, पण निवड झाली आहे हे वाचकाला कळायला हवं.

म्हणून दोन बायबलं ठेवा: शब्दाला धरून असलेलं एक अभ्यासाला आणि सोपं एक, सलग पानंच्या पानं वाचायला. दोन्हींत जिथे मोठी तफावत दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा. तिथे बहुधा मूळच अवघड असतं.

नवीन बायबल घेण्याआधी चाळून पाहायला पंधरा मिनिटं मिळाली, तर काय तपासावं?

आधी प्रस्तावना. ती कोणी वाचत नाही आणि सगळं तिथेच लिहिलेलं असतं. भाषांतर मूळ भाषांतून केलं आहे की दुसऱ्या भाषांतरावरून? नव्या करारासाठी कोणती ग्रीक संहिता घेतली? हे काम समितीचं की एका माणसाचं? एकहाती काम कमी दर्जाचं असतं असं नाही. धर्मसुधारक लूथरने १५२२ मध्ये नवा करार आणि, सहकाऱ्यांच्या मदतीने, १५३४ मध्ये संपूर्ण बायबल जर्मनमध्ये आणलं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर केलं आणि १९२२ मधल्या निधनाआधी ते पुरं केलं. एकहाती भाषांतराची भाषा एकजीव असते, पण त्यात आवडीनिवडीही एकाच माणसाच्या उतरतात. समितीत एकाची चूक दुसरा पकडतो, आणि बहुतेकदा वाक्यातली धारही तीच मंडळी घालवतात.

प्रस्तावना झाली की तीन जागा उघडा.

पहिली मत्तय १८:२४-२८. एका चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज माफ होतं आणि तोच सोबत्याचे शंभर दिनार सोडायला तयार नसतो. एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तय २०:२ वरून कळतं. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. म्हणजे माफ झालं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं कर्ज, आणि गळा धरला तो शंभर दिवसांच्या मजुरीसाठी. हे प्रमाण कळलं नाही तर दाखला अर्धाच पोहोचतो. भाषांतराने मूळ नाणी ठेवून तळटीपेत मजुरीचा हिशेब दिला असेल तर उत्तम. आजच्या चलनात आकडा लिहिला असेल तर तो काही वर्षांत शिळा होतो. नुसतं 'पुष्कळ पैसे' आणि 'थोडे पैसे' लिहिलं असेल तर ते बायबल लहान मुलांसाठी ठेवा.

दुसरी जागा इफिस ५:२१-२२. २१ मध्ये 'एकमेकांच्या अधीन असा' आहे आणि २२ मध्ये पत्नींविषयी. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत २२ व्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही, ते २१ वरून घ्यावं लागतं. तरीही कित्येक आवृत्त्यांत या दोन वचनांच्या मध्ये 'पती व पत्नी' असं मथळ्याचं ठसठशीत शीर्षक बसवलेलं असतं. एकच वाक्य दोन तुकड्यांत गेलं की वाचणारा २२ पासून सुरुवात करतो आणि 'एकमेकांच्या' मागे राहतं. परिच्छेदांची शीर्षकं पौलाने लिहिलेली नाहीत, संपादकांनी घातली आहेत. या जागी त्यांनी काय केलं ते पाहा, बाकीच्या शीर्षकांवर किती विसंबायचं ते समजेल.

तिसरी मार्क १६, आठव्या वचनानंतर. तिथे कंस, रेघ किंवा टीप आहे का? का, ते पुढच्या उत्तरात आहे.

माझ्या बायबलमध्ये मत्तय १७ मध्ये २० नंतर एकदम २२ येतं आणि प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये ३७ वं वचनच नाही. नव्या भाषांतरांनी वचनं गाळली असा संदेश फिरतो आहे. खरं काय?

आकडे कुठून आले ते आधी पाहू. मूळ लेखकांनी अध्याय पाडले नव्हते की वचनांना क्रमांक दिले नव्हते. आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज आर्चबिशप स्टीफन लँग्टनने पाडले असं मानलं जातं. नव्या कराराच्या वचनांचे क्रमांक पॅरिसचा मुद्रक रोबेर एतिएन याने १५५१ च्या आपल्या ग्रीक आवृत्तीत घातले. त्याच्यासमोर जी संहिता होती ती डच विद्वान इरॅस्मसने १५१६ मध्ये छापलेल्या संहितेच्या परंपरेतली. इरॅस्मसकडे मोजकीच हस्तलिखितं होती आणि तीही बरीच उशिराची.

पुढे चौथ्या शतकातली दोन मोठी हस्तलिखितं, व्हॅटिकानस आणि सायनायटिकस, अभ्यासकांच्या हाती आली. मत्तय १७:२१ (प्रार्थना आणि उपवासाविषयीचं वचन) त्यांच्या मूळ मजकुरात नाही. मार्क ९:२९ मध्ये जवळपास तेच वाक्य आहे. नक्कल करणाऱ्या लेखनिकाला एक शुभवर्तमान पाठ असलं की दुसरं उतरवताना त्याची ओळ आपोआप शिरते, आणि शुभवर्तमानांत हे वारंवार घडलेलं दिसतं. मार्क ९:४४ आणि ४६ ही तर ९:४८ चीच पुनरावृत्ती आहे. कृत्ये ८:३७ मधली कूशी षंढाची विश्वासाची कबुली इरॅस्मसच्या मुख्य हस्तलिखितात नव्हती, दुसऱ्या एका हस्तलिखिताच्या समासात लिहिलेली होती. लेखनिकाच्या हलगर्जीपणामुळे ती मजकुरातून राहिली असावी, असं समजून त्याने ती आत घेतली.

आता वचन मजकुरातून तळटीपेत गेलं तरी पुढचे क्रमांक बदलता येत नाहीत. बदलले तर जगातली प्रत्येक संदर्भसूची आणि प्रत्येक भाष्य चुकेल. म्हणून तिथे मोकळी जागा राहते. ज्याला काही लपवायचं असतं तो २२ ला गुपचूप २१ करून टाकेल. रिकामा क्रमांक ठेवून खाली टीप देणार नाही. ती टीप वाचा. 'काही हस्तलिखितांत हे वचन आढळते' असं छापलेलं असतं.

मोठ्या जागा दोनच आहेत: मार्क १६:९-२० (पुनरुत्थानानंतरचे प्रसंग) आणि योहान ७:५३ ते ८:११ (व्यभिचारात पकडलेली स्त्री). बहुतेक नवी भाषांतरं दोन्ही उतारे छापतात, पण वेगळे दाखवून. वर सांगितलेल्या दोन्ही हस्तलिखितांत मार्कचं शुभवर्तमान १६:८ ला थांबतं. १ योहान ५:७ मधलं 'पिता, शब्द व पवित्र आत्मा' हे वाक्य इरॅस्मसने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत घेतलं नव्हतं. ओरड झाल्यावर १५२२ मध्ये घेतलं. त्रैक्याची (पिता, पुत्र व पवित्र आत्मा हा एकच देव) शिकवण या एका वाक्यावर उभी नाही. मत्तय २८:१९ आणि २ करिंथ १३:१४ कोणत्याच आवृत्तीतून गेलेली नाहीत.

काही ख्रिस्ती अभ्यासक मुळात जुनी छापील संहिता किंवा बहुसंख्य हस्तलिखितांची संहिताच प्रमाण मानतात. ती भूमिका त्यांनी विचारपूर्वक घेतलेली आहे. 'कट केला' या संदेशाला मात्र आधार नाही.

कॅथलिक मैत्रिणीचं बायबल माझ्यापेक्षा जाड आहे, आणि स्तोत्राचा क्रमांक सांगितला की आमची पानं जुळत नाहीत.

जाडी जुन्या करारामुळे. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं (३९ अधिक २७), कॅथलिकमध्ये ७३ (४६ अधिक २७). तोबित, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तकं जास्त. एस्तेर आणि दानीएल यांतही अधिक भाग असतो. ही पुस्तकं ग्रीक जुन्या करारात होती, हिब्रू संग्रहात नव्हती. सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी हिब्रू संग्रह प्रमाण धरला. कॅथलिक चर्चने १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत आपली यादी निश्चित केली. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत याहूनही काही जास्त पुस्तकं असतात. नवा करार तिघांचा एकच आहे.

स्तोत्रांचं गणित असं: ग्रीक आणि लॅटिन परंपरेत हिब्रूतली ९ आणि १० मिळून एक स्तोत्र होतं, त्यामुळे तिथून पुढे बराच काळ एकाचा फरक राहतो. जुन्या कॅथलिक ग्रंथात 'स्तोत्र २२' दिलं असेल तर ते बहुधा तुमचं २३ वं. स्तोत्र एकच असूनही वचन जुळत नसेल तर शीर्षक पाहा. हिब्रू गणनेत शीर्षकालाही क्रमांक असतो. स्तोत्र ५१ मधली दयेची याचना तुमच्याकडे पहिल्या वचनात, तर त्या गणनेत तिसऱ्यात येते. एकत्र अभ्यास करताना आकडा सांगू नका, पहिले चार शब्द वाचून दाखवा.

दर वर्षी उत्पत्तीपासून सुरुवात करतो आणि लेवीयमध्ये अडकतो. काय चुकतं?

अडकायला लेवीयपर्यंतही जावं लागत नाही. निर्गम २५ पासून निवासमंडपाची (इस्राएलच्या तंबूतल्या उपासनास्थानाची) मापं, पडदे, कड्या आणि खुंट्या सुरू होतात, ३५ ते ४० मध्ये त्यातलं बरंच पुन्हा येतं, आणि लगेच लेवीय १ ते ७ मध्ये अर्पणांचे पाच प्रकार. कथेच्या वेगाने आलेला वाचक इथे थकणारच. ६६ पुस्तकांचे ११८९ अध्याय होतात, म्हणजे वर्षात संपवायचे तर रोज तीनपेक्षा थोडे जास्त. चार दिवस चुकले की तेरा अध्याय अंगावर येतात. मग माणूस नुसते डोळे फिरवतो किंवा सोडून देतो.

पहिल्या वर्षी फक्त नवा करार घ्या. त्याचे अध्याय २६०. आठवड्याचे पाच दिवस रोज एक, असे ५२ आठवडे बरोबर पुरतात, आणि दोन दिवस राहिलेलं भरून काढायला मिळतात. क्रम मात्र छापील घेऊ नका. आधी मार्क, तोही शक्य तर एका बैठकीत. मोठ्याने वाचलं तरी दीड तासाच्या आसपास होतं. मग लूक आणि लगेच प्रेषितांची कृत्ये, कारण ती एकाच लेखकाची दोन पुस्तकं आहेत आणि मध्ये योहान आल्यामुळे ते कळत नाही. मग लहान पत्रं, नंतर रोमकरांस, प्रकटीकरण शेवटी.

दुसऱ्या वर्षी उत्पत्ती, निर्गम १ ते २०, मग रूथ, शमुवेलाची पुस्तकं, राजे. संदेष्टे राजांच्या पुस्तकांसोबत वाचावेत. यशया कोणत्या राजाच्या काळात बोलतोय हे माहीत नसेल तर तो नुसता गडगडाट वाटतो. निवासमंडप आणि लेवीय हे इब्री लोकांस पत्राच्या ७ ते १० अध्यायांबरोबर वाचलेत तर कड्या-खुंट्यांनाही अर्थ येईल. ज्यांच्या मंडळीत पाठमाला (उपासनेत वाचायच्या उताऱ्यांची ठरलेली यादी) वापरतात त्यांनी तीच धरावी: कॅथलिक रविवारच्या पाठांचं चक्र तीन वर्षांचं असतं, मत्तय, मार्क आणि लूक एकेका वर्षी.

ईयोब ८:७, 'आरंभ लहान असला तरी शेवट फार मोठा होईल', हे वचन शुभेच्छापत्रांवर नेहमी दिसतं. ते देवाचं वचन म्हणून धरावं का?

आधी बोलणारा कोण ते पाहा. ईयोबाचा मित्र बिल्दद बोलतोय. तीनच वचनं आधी, ८:४ मध्ये, त्याने दहा मुलं गमावलेल्या बापाला सुनावलं आहे की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून ती गेली. ८:७ हा त्याच भाषणाचा पुढचा भाग: तू निर्दोष असशील तर सगळं परत मिळेल. आणि ४२:७ मध्ये देव या मित्रांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. गंमत अशी की ४२:१२ मध्ये ईयोबाचा शेवट खरोखरच आरंभापेक्षा मोठा होतो, पण बिल्ददने सांगितलेल्या कारणाने नव्हे. शुभेच्छा द्यायच्याच तर ४२:१२ लिहा.

यिर्मया २९:११ चंही असंच होतं. 'तुमच्या हिताचे संकल्प' सगळ्यांना पाठ असतात. अध्याय पहिल्या वचनापासून वाचा. हे बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना यरुशलेमहून पाठवलेलं पत्र आहे. पाचव्या वचनात घरं बांधा, बागा लावा. आठव्यात लवकर सुटका होईल म्हणणाऱ्या संदेष्ट्यांचं ऐकू नका. दहाव्यात सत्तर वर्षं. आधीच्याच अध्यायात हनन्या दोन वर्षांत सगळं परत येईल म्हणाला होता आणि त्याला खोटा ठरवलं गेलं. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेक परतीच्या आधी वारले असणार. आजच्या ख्रिस्ती वाचकाने हे वचन घेऊ नये असं नाही. त्यातून देवाचा स्वभाव कळतो. पण ते घेताना सत्तर वर्षंही सोबत घ्यावी लागतात. पुढच्या महिन्यातल्या मुलाखतीची हमी म्हणून ते वापरणं म्हणजे हनन्याच्या बाजूला बसणं.

सवय एवढीच लावा: आवडलेल्या वचनाआधीची किमान दहा आणि नंतरची दहा वचनं वाचायची. कोण कोणाला बोलतंय ते समासात लिहायचं. 'म्हणून' दिसलं की मागे जायचं. रोमकरांस १२:१ मधल्या 'म्हणून'मागे अकरा अध्याय आहेत. आणि लेखन कोणत्या प्रकारचं ते विचारायचं. नीतिसूत्रे २६:४ म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला साजेसं उत्तर देऊ नको. लगेच २६:५ म्हणतं, दे. संकलकाने ही दोन सूत्रं एकाखाली एक ठेवली ती नजरचुकीने नाही. सूत्र हा कायदाही नसतो आणि करारही नसतो, कोणतं कधी लावायचं ते वाचणाऱ्याने ओळखायचं. हे न कळल्यामुळेच नीतिसूत्रे २२:६ ('मुलाला योग्य वळण लाव, म्हातारपणीही तो ते सोडणार नाही') वाचून कितीतरी आईबाप मूल भरकटलं की स्वतःला दोष देत बसतात.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात धर्मशाळा म्हणजे मंडळी आणि शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, असं प्रवचनात ऐकलं. असा अर्थ काढणं योग्य का?

दाखला असा: लुटून टाकलेल्या जखमी वाटसरूला एक परका शोमरोनी धर्मशाळेत नेतो आणि मालकाला दोन दिनार देतो. हा अर्थ फार जुना आहे. चर्चपिता ऑगस्टीनने चौथ्या-पाचव्या शतकात तो बारकाईने मांडला: धर्मशाळेचा मालक म्हणजे पौल, आणि दोन दिनार म्हणजे प्रीतीच्या दोन आज्ञा. कॅथलिक परंपरा शास्त्राचे चार अर्थ मानते: शब्दार्थ, रूपकार्थ, नैतिक अर्थ आणि अंतिम आशेकडे नेणारा अर्थ. बाकीचे तिन्ही शब्दार्थावर उभे असले पाहिजेत, हेही ती सांगते. ऑर्थोडॉक्स वाचक आद्य चर्चपित्यांच्या भाष्यांकडे पाहतो. लूथर-कॅल्विनच्या परंपरेला असे रूपकार्थ फारसे रुचत नाहीत. तिथे अवघड वचनाचा अर्थ दुसऱ्या स्पष्ट वचनावरून लावतात.

आमचं मत असं: मनन म्हणून हा अर्थ सुंदर आहे, दाखल्याचा अर्थ म्हणून नाही. लूक १० मध्ये शास्त्र्याने 'माझा शेजारी कोण' असं विचारलं होतं आणि येशूने शेवटी 'तूही जाऊन तसंच कर' असं सांगितलं. जो अर्थ ऐकून श्रोत्याला काहीच करावं लागत नाही, तो या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

टिपांसहित अभ्यासाचं बायबल घ्यावं का? आणि लाल अक्षरांतलं?

टिपा उपयोगी आहेत, पण त्या कोणत्या परंपरेच्या आहेत ते आधी पाहा. १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमुळे शेवटच्या काळाविषयीची एक विशिष्ट मांडणी दूरवर पसरली, कारण ती वचनांच्याच पानावर छापलेली होती. आर्चबिशप अशर यांनी काढलेलं जगाच्या उत्पत्तीचं साल, ख्रिस्तपूर्व ४००४, इंग्रजी बायबलच्या समासात वर्षानुवर्षं छापलं गेलं आणि कित्येकांनी ते बायबलमध्येच आहे असं मानलं. आधी मजकूर दोनदा वाचा, स्वतःचा प्रश्न लिहा, आणि मगच टीप पाहा. टिपेत तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर दुसऱ्या परंपरेचं भाष्य उघडा.

लाल अक्षरं १८९९ मध्ये आली. येशूचे शब्द शोधायला सोपं जातं, इतकंच. ग्रीकमध्ये अवतरणचिन्हं नव्हती, त्यामुळे भेटायला आलेल्या निकदेमाशी चाललेलं येशूचं बोलणं योहान ३:१५ ला संपतं की २१ ला, हे संपादक ठरवतो. काही भाषांतरांत ते १५ लाच संपवलं आहे, आणि तिथे योहान ३:१६ हे शुभवर्तमानकाराचं वाक्य ठरतं.